बुद्धी आणि वरून येणारे ज्ञान

(मंडळीतील अभ्यासवर्गासाठी व घरच्या उपासनेसाठी पाठ)

शास्त्रपाठ : १ राजे ३:४–२८; याकोब १:५–८ व १९; ३:१३–१८.

खेड्यांतील मंडळ्यांत हिंडत असता दोन प्रकारचे उद्गार आमच्या कानी वारंवार पडतात. शिकून आलेले तरुण म्हणतात की, वडील मंडळींचा विश्वास भोळा आहे, त्यास विचाराचा पाया नाही. वडील मंडळी म्हणतात की, पोरे शिकली आणि प्रार्थनेस मुकली. एका घरात राहूनही बापलेक ह्या कारणाने एकमेकांपासून दूर झालेले आम्ही पाहिले आहेत. ह्या दोन्ही उद्गारांच्या मुळाशी एकच चूक आहे. देवापासून मिळणारे ज्ञान म्हणजे बुद्धीचा अभाव, असे दोघेही धरून चालतात. तरुण त्यास अभाव समजून सोडून देतो, आणि वृद्ध त्याच अभावास भूषण मानून बसतो. पवित्र शास्त्राची शिकवण ह्या दोहोंपेक्षा निराळी आहे. ती काय आहे ह्याचा विचार आपण ह्या पाठात करू.

१. शब्दांचा अर्थ

आपल्या प्रचलित मराठी शास्त्रात ‘ज्ञान’ हा शब्द पुष्कळ ठिकाणी येतो आणि तो एकाच अर्थाने येत नाही. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत दोन शब्द आहेत. ‘ग्नोसिस’ म्हणजे एखादी गोष्ट ठाऊक असणे, तिची माहिती व समज असणे. ‘सोफिया’ म्हणजे सुज्ञता, म्हणजे देवाच्या दृष्टीने योग्य काय हे ओळखून त्याप्रमाणे वागण्याचे सामर्थ्य. पहिल्याविषयी पौल म्हणतो की, ते माणसाला फुगविते, परंतु प्रीती उभारणी करते (१ करिंथ ८:१). दुसऱ्याविषयी याकोब सांगतो की, ज्याच्याजवळ ते उणे असेल त्याने ते देवाजवळ मागावे (याकोब १:५).

याकोबाने येथे असे म्हटलेले नाही की, ज्याची बुद्धी मंद असेल त्याने मागावे. ज्याच्याजवळ हे ज्ञान उणे असेल त्याने मागावे, असे तो म्हणतो. बुद्धी तीक्ष्ण असूनही माणूस ह्या ज्ञानाने उणा असू शकतो, आणि अक्षरओळख नसलेला मनुष्य त्याने संपन्न असू शकतो. तथापि ह्यावरून बुद्धी टाकाऊ आहे असे ठरत नाही. प्रभूने सर्वांत मोठी आज्ञा सांगितली तीत जिवाबरोबर व अंतःकरणाबरोबर बुद्धीचाही उल्लेख केला (मत्तय २२:३७). जिच्याद्वारे देवावर प्रीती करावयाची तिचा तिरस्कार करणे हे भक्तीचे लक्षण कसे होईल?

२. शलमोनाने काय मागितले?

शलमोन राजा झाला तेव्हा तो आपणांस लहान मूल म्हणवितो. कोठे जावे, कसे वागावे हे आपणांस कळत नाही, असे तो देवापुढे कबूल करतो. गिबोन येथे रात्री स्वप्नात देव त्यास दर्शन देऊन म्हणतो की, पाहिजे ते माग. दीर्घायुष्य, धन किंवा शत्रूंचा नाश ह्यांपैकी त्याने काही मागितले नाही. त्याने जे मागितले त्याचे भाषांतर निरनिराळ्या प्रतींत निरनिराळे आढळते. परंतु मूळ इब्री शब्दांचा सरळ अर्थ ‘ऐकणारे अंतःकरण’ असा आहे (१ राजे ३:९).

हे शब्द मनात धरून ठेवण्याजोगे आहेत. राजास बोलणारी जीभ लागते, हुकूम सोडणारा हात लागतो, पुष्कळ ठाऊक असलेले डोके लागते. शलमोनाने ह्यांपैकी एकही मागितले नाही. ‘तुझ्या ह्या लोकांचा न्याय मला करावयाचा आहे, तर ऐकणारे अंतःकरण दे,’ असा त्याच्या मागणीचा भावार्थ आहे. आणि परमेश्वरास ही मागणी आवडली असे लिहिले आहे.

ह्यानंतर लगेच दोन स्त्रियांची हकीकत येते. दोघी एका घरात राहत होत्या. तिसरे कोणी घरात नव्हते. एक मूल मेले, एक जिवंत राहिले, आणि दोघीही जिवंत मुलास आपले म्हणू लागल्या. साक्षीदार नाही, पुरावा नाही. दोघींचे म्हणणे शब्दाला शब्द सारखे. केवळ बुद्धीने निवाडा करणाऱ्याचे काम येथे थांबते, कारण बुद्धीस पुढे जाण्यास पुरावा लागतो. शलमोनाने तलवार मागविली, पण तिचा घाव कोणावर पडला नाही. तलवारीच्या नावाने खऱ्या आईच्या आतड्यास पीळ पडला व ती बोलली. मूल गेले तरी चालेल, पण ते जगू द्या, असे ती म्हणाली. राजाने तिच्या शब्दांमागचे अंतःकरण ऐकले व न्याय दिला. गिबोनात मागितलेल्या देणगीचा उपयोग तो हा.

३. आमची एक चूक

येथे आमच्या स्वतःच्या सेवेतील एक गोष्ट सांगणे आम्हांस प्राप्त आहे. ती आम्हांस भूषणावह नाही. परंतु जो धडा आम्ही वाचकांस देत आहो तो आम्ही कोणत्या शाळेत शिकलो, हे तिच्यावरून कळेल.

मिशनच्या ईश्वरविज्ञान विद्यालयातील अभ्यासक्रम पुरा करून आम्ही पहिल्याच मंडळीची सेवा हाती घेतली होती. त्या मंडळीत दोघे सख्खे भाऊ होते. थोरला मंडळीच्या पंचांपैकी एक. दोघांची शेते एकमेकांस लागून, विहीर सामाईक. पाण्याच्या पाळ्या बापाच्या वेळेपासून तोंडी ठरलेल्या होत्या. त्या उन्हाळ्यात पाळी कोणत्या वेळी बदलावयाची ह्यावरून कुरबूर सुरू झाली. एका रात्री धाकटा दारे धरून उभा असता थोरल्याने पाट फोडला, आणि प्रकरण कोर्टाच्या पायरीपर्यंत येऊन ठेपले.

आम्ही दोघांस मंदिरात बोलाविले. कोणाचे क्षेत्र किती, पीक कोणते, विहिरीचे पाणी किती वेळ पुरते, हे सर्व विचारून कागदावर मांडले. पाळ्यांचे कोष्टक तयार केले. आठ कलमे लिहिली आणि प्रत्येक कलमास शास्त्रवचनाचा आधार जोडला. रविवारी उपासनेनंतर तो कागद वाचून दाखविला. त्यात कोणासही दोष काढता आला नाही. दोघांनी मुकाट्याने सह्या केल्या. आमच्या मनास तो कागद इतका आवडला की, त्याची एक नक्कल आम्ही शेजारच्या पाळकबंधूंस दाखवावयास नेली.

दोघेही त्या कागदाप्रमाणे पाणी घेऊ लागले. परंतु पुढच्या प्रभुभोजनास दोघांपैकी एकही आला नाही. काही दिवसांनी असे झाले की, धाकट्याचे कांद्याचे शेवटचे दोन वाफे सुकत होते. थोरल्याचे रान भिजून पाणी ओढ्यात चालले होते, तरी त्याने पाट वळविला नाही. आम्ही त्यास त्याविषयी विचारले, तेव्हा त्याने घरात जाऊन आमचाच कागद आणला आणि आमच्यापुढे धरला.

त्याच संध्याकाळी ह्या भावांची वृद्ध आत्या आमच्या दारी येऊन बसली. तिला अक्षर वाचता येत नव्हते. ती म्हणाली, “पाळकसाहेब, पाणी तुम्ही बरोबर वाटलंत. पण ही पोरं भांडत्यात कशापायी, ते इचारलंत का?”

ते आम्ही विचारले नव्हते. भांडण पाण्याचे आहे हे आम्ही गृहीतच धरले होते. मग तिने सांगितले. तीन वर्षांपूर्वी दोघांची आई वारली, तेव्हा धाकटा ऊसतोडणीस दूर गेला होता. चैत्राचे ऊन, देह ठेवता येईना, म्हणून थोरल्याने सायंकाळच्या आत प्रेतसंस्कार उरकला. धाकटा दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचला. त्यास कबरेवरची ओली माती तेवढी पाहावयास मिळाली. त्याविषयी दोघे एकमेकांशी कधीही बोलले नाहीत. त्यानंतर प्रत्येक उन्हाळ्यात पाण्यावरून कुरबूर वाढत गेली.

आम्ही त्या रात्री थोरल्याकडे गेलो, आणि ह्या वेळी कागद बरोबर नेला नाही. बराच वेळ तो पाण्याविषयीच बोलत राहिला व आम्ही ऐकत राहिलो. शेवटी त्याने आपण होऊन आईचे नाव काढले. निरोप घेऊन धाडलेला माणूस वाटेत अडकून पडला होता, ही गोष्ट त्याने भावास सांगितलीच नव्हती. कारण ती त्यास ठाऊक असेल असे तो धरून चालला होता. चार दिवसांनी तो धाकट्याच्या घरी गेला. तेथे काय बोलणे झाले ते आम्हांस ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असण्याचे आम्हांस कारणही नाही. धाकटा प्रभुभोजनास येण्यास आणखी सहा महिने लागले.

पाण्याच्या पाळ्या मात्र आम्ही केलेल्या कोष्टकाप्रमाणेच चालू राहिल्या. फरक एवढाच झाला की, एकाचे पीक सुकू लागले म्हणजे दुसरा आपण होऊन पाट त्याच्या रानाकडे वळवी. म्हणजे बुद्धीने केलेले काम खोटे नव्हते. ते उपयोगी होते व उपयोगी राहिले. परंतु जे काम तिचे नव्हते ते आम्ही तिच्यावर सोपविले होते. आणि ज्या निरक्षर वृद्धेस आम्ही दर रविवारी उपदेश करीत होतो, तिच्याजवळ ऐकणारे अंतःकरण होते.

४. विद्वान अपुल्लोस व तंबू करणारी माणसे

करिंथ येथील मंडळीचे दुखणे ह्याच जातीचे होते. ते शहर व्यापाराचे व वक्तृत्वाचा शोक असणारे. तेथील ख्रिस्ती लोक उपदेशकांची तुलना करून तट पाडू लागले. कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. पौल त्यांस आठवण देतो की, तुमचे पाचारण झाले तेव्हा तुमच्यात जगाच्या दृष्टीने ज्ञानी असे पुष्कळ जण नव्हते; आणि आपण स्वतः तुमच्याकडे आलो ते वक्तृत्वाच्या जोरावर नव्हे, तर वधस्तंभी खिळलेल्या ख्रिस्ताखेरीज काही जाणावयाचे नाही असा निश्चय करून आलो (१ करिंथ १:२६; २:१–५). वधस्तंभ हा ग्रीकांस मूर्खपणा वाटे, कारण त्यात पराक्रम नाही व युक्तिवादही नाही. तेथे देवाने स्वतःस रिकामे करून मनुष्यास जिंकले. म्हणून पौल ख्रिस्तालाच आपले ज्ञान म्हणतो (१ करिंथ १:३०). हे ज्ञान एखादे पुस्तक पाठ केल्याने मिळत नाही. ते त्या जिवंत प्रभूच्या सहवासात मिळते.

पण लक्षात घ्यावे की, हे लिहिणारा पौल गमलिएलाच्या चरणांपाशी शिकलेला होता. त्याने विद्या सोडली नाही. विद्येवरचा भरवसा सोडला. आणि ज्या अपुल्लोसाच्या नावाने करिंथकरांनी तट पाडला, त्याची स्वतःची वृत्ती कशी होती ते पाहा (प्रेषितांची कृत्ये १८:२४–२८). तो आलेक्सांद्रिया येथील राहणारा, विद्वान, शास्त्रात प्रवीण, बोलण्यात आवेशी. इफिस येथील सभास्थानात तो बोलत असता प्रिस्किल्ला व अक्विल्ला ह्या दांपत्याने ऐकले. ही दोघे हातांनी तंबू करून पोट भरणारी माणसे. अपुल्लोसाच्या शिकवणीत काहीतरी अपुरे आहे हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी सभेत उठून त्याची चूक काढली नाही. त्यास आपल्याकडे घेऊन जाऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. आणि तो विद्वान त्यांचे ऐकत बसला.

ह्या ओळींत दोन प्रकारच्या लोकांसाठी शिक्षण आहे. शिकलेल्याने श्रम करणाऱ्याच्या घरी बसून शिकण्याची लाज धरू नये. आणि श्रम करणाऱ्याने शिकलेल्यापुढे गप्प बसू नये. परंतु बोलावे ते चारचौघांत पाणउतारा करण्यासाठी नव्हे, तर घरी बोलावून, प्रीतीने.

५. पंडिता रमाबाईंचा अनुभव

आपल्या महाराष्ट्रातील एका नामांकित स्त्रीच्या चरित्रात ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. पंडिता रमाबाई ह्यांचा जन्म १८५८ साली झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे व माता लक्ष्मीबाई ह्यांनी त्यांस लहानपणापासून संस्कृत शिकविले आणि भागवताचे हजारो श्लोक त्यांस मुखोद्गत झाले. पुढे दुष्काळाच्या दिवसांत आईबाप व बहीण निवर्तली. रमाबाई आणि त्यांचे बंधू पायी हिंडत हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी त्यांची विद्वत्ता पाहून त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. अशी कुशाग्र बुद्धीची स्त्री १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेती झाली. प्रश्न विचारल्याविना त्यांनी काहीही स्वीकारले नाही. बाप्तिस्म्यानंतरही त्या पुष्कळ मतांविषयी वाद घालीत राहिल्या, आणि त्यांस शिकविणाऱ्यांस त्यामुळे कित्येकदा चिंता वाटे.

रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष प्रसिद्ध केली. तीत त्या मोकळेपणाने सांगतात की, ख्रिस्ती धर्म आपणांस सापडला होता, परंतु त्या धर्माचा प्रभू ख्रिस्त आपणांस अजून सापडला नव्हता. बाप्तिस्म्यास सुमारे आठ वर्षे झाली होती. मुंबईत शारदासदन निघून त्याचे कार्य पुण्यास चालू झाले होते. जगात त्यांचे नाव झाले होते. अशा वेळी त्यांस कळून आले की, आपण मते स्वीकारली पण आपणांस तारणारा हवा आहे. मग एखाद्या अडाणी पाप्याने यावे तशा त्या रित्या हातांनी प्रभूजवळ आल्या, आणि त्यांस शांती लाभली. एवढ्या विदुषीस हे जाहीर रीतीने लिहावयास किती नम्रता लागली असेल ह्याचा वाचकांनी विचार करावा.

त्यानंतर त्यांच्या बुद्धीचे काय झाले? ती विझली काय? तसे झाले नाही. १८९६–९७ च्या दुष्काळात, स्वतः लहानपणी भोगलेल्या उपासमारीची आठवण होऊन, त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली व विधवा त्यांनी आणविल्या. केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. तेथील बहुतेक स्त्रिया खेड्यापाड्यांतल्या. संस्कृतप्रचुर मराठी शास्त्र त्यांस वाचून दाखविले तरी समजेना. तेव्हा ज्या बाईस संस्कृत पंडितांनी पदव्या दिल्या होत्या, तिने उतारवयात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, तो अशासाठी की, दळणकांडण करणाऱ्या बाईस समजेल अशा साध्या मराठीत सबंध शास्त्र उतरावे. हे काम पुष्कळ वर्षे चालले. मुक्तिसदनाच्या छापखान्यात तेथल्या स्त्रियांनीच ते छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या. त्याच्या थोडेच आधी त्यांनी भाषांतराचे काम पुरे केले होते, आणि सबंध ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

बुद्धी व वरून येणारे ज्ञान ह्यांचा योग्य संबंध ह्या एका उदाहरणात दिसतो. पूर्वी जी विद्या सभा जिंकीत होती, ती आता खेड्यातल्या बाईजवळ बसून तिला कळेल असा शब्द शोधू लागली. बुद्धी तीच होती. परंतु आता तिचा धनी निराळा होता.

६. शलमोनाचा शेवट

शलमोनाची गोष्ट आपण अर्ध्यावर सोडली तर आपली फसगत होईल. शास्त्र सांगते की, त्याने तीन हजार नीतिसूत्रे सांगितली, एक हजार पाच गीते रचली, लबानोनच्या गंधसरूपासून भिंतीत उगवणाऱ्या एजोबापर्यंत झाडांविषयी विवेचन केले (१ राजे ४:३२–३३). त्याची विद्या उत्तरोत्तर वाढत गेली. परंतु म्हातारपणी त्याचे अंतःकरण परमेश्वरापासून फिरले (१ राजे ११:४–९). त्याच्या मरणानंतर लोक रहबामाकडे आले आणि म्हणाले की, तुझ्या बापाने आमच्यावरील जू भारी केले होते, ते हलके कर (१ राजे १२:४).

हे वाक्य वाचताना आमचे मन थबकते. ज्या लोकांचा न्याय करण्यासाठी त्याने ऐकणारे अंतःकरण मागितले होते, तेच हे लोक. त्यांचे कण्हणे त्याच्या हयातीत त्याच्या कानी पोहोचले नाही. नीतिसूत्रे होती, गीते होती, झाडांची नावे होती. ऐकणे तेवढे थांबले होते. बुद्धी एकदा मिळविली की बहुधा टिकते. वरून येणारे ज्ञान तसे टिकत नाही. ते मान्नाप्रमाणे रोजचे रोज घ्यावे लागते. गिबोनातील प्रार्थना तारुण्यात एकदा केली म्हणून म्हातारपणी पुरत नाही. पंचवीस वर्षे मंडळीचा पंच असलेल्या मनुष्याने, आणि पाळकाने तर अधिकच, ही गोष्ट विसरू नये.

७. हे ज्ञान कसे मिळवावे?

पहिले, आपण उणे आहो हे कबूल करून मागावे. याकोब म्हणतो की, देव सर्वांस उदारपणे देतो व दोष लावीत नाही (१:५). शिकलेला मनुष्य मागावयास लाजतो, कारण मागणे म्हणजे आपणांस ठाऊक नाही असे म्हणणे. न शिकलेला मनुष्य लाजतो, कारण आपल्यासारख्यास देव काय देणार, असे त्यास वाटते. देणारा दोष लावीत नसेल तर दोघांनाही लाजण्याचे कारण उरत नाही.

दुसरे, बोलण्यापूर्वी ऐकावे. ऐकून घेण्यापूर्वी उत्तर देणे ह्यास नीतिसूत्रकार मूर्खपणा म्हणतो (नीतिसूत्रे १८:१३). आपला प्रभू बारा वर्षांचा असता मंदिरात गुरुजनांमध्ये कसा आढळला? तो त्यांचे ऐकत व त्यांस प्रश्न करीत बसलेला आढळला (लूक २:४६). परमेश्वराचा सेवक असे म्हणतो की, देव रोज सकाळी माझा कान जागा करितो (यशया ५०:४). सकाळी शास्त्र वाचावे ते दुसऱ्यास सांगण्याकरिता मुद्दे मिळावेत म्हणून नव्हे, तर प्रथम आपणांस काय सांगितले जात आहे ते ऐकण्यासाठी वाचावे. जे देवाचे असे ऐकतात त्यांस शेजाऱ्याचेही ऐकू येऊ लागते.

तिसरे, फळावरून पारख करावी. आपणांस सुचलेला विचार देवापासून आहे की आपल्या चातुर्यापासून, हे कसे ओळखावे? याकोबाने लक्षणे दिली आहेत: वरून येणारे ज्ञान शुद्ध असते, शांतिप्रिय असते, सौम्य असते, समजूत ऐकून घेणारे असते, दयेने भरलेले असते, त्यात पक्षपात नसतो व ढोंग नसते (३:१७). आमचा आठ कलमांचा कागद ह्या कसोटीस लावून पाहिला तर त्यात पक्षपात नव्हता, ढोंगही नव्हते. परंतु दया कोणत्याही कलमात नव्हती. वाचकांनी आपले मंडळीतील बोलणे, पंचांच्या सभेतील वाद आणि मुलांस दिलेली उत्तरे ह्या कसोटीस लावून पाहावी.

चौथे, आळसास आत्मिकतेचे नाव देऊ नये. पवित्र आत्मा शिकवील म्हणून अभ्यासाविना उपदेशास उभे राहणे, किंवा विश्वासास धोका येईल म्हणून मुलीस शाळेतून काढणे, हे वरून येणारे ज्ञान नव्हे. बापांनी मुलांस शिकवावे, पण त्यांच्या शिक्षणाबरोबर त्यांच्यासाठी गिबोनातील प्रार्थनाही करावी. आणि मुलांनी सुटीत घरी आल्यावर आजीची प्रार्थना ऐकावी. तिच्या व्याकरणातील चुका मोजू नयेत.

प्रिय वाचकहो, तो कागद अजून आमच्या शास्त्राच्या पुस्तकात आहे. पंचांच्या सभेस जाण्यापूर्वी आम्ही कधी कधी तो उघडतो. त्याच्या पाठीमागे त्या आत्याबाईंचा प्रश्न आम्ही लिहून ठेवला आहे. त्या आता हयात नाहीत; परंतु एखाद्या भांडणाचा निवाडा आम्हांस फार लवकर सुचू लागला म्हणजे त्यांचा प्रश्न आम्हांस थांबवितो.

विचारासाठी प्रश्न

१. शलमोनाने ‘ऐकणारे अंतःकरण’ कशासाठी मागितले? ते आपल्या घरात कोणाला सर्वांत अधिक हवे आहे?

२. अपुल्लोस व प्रिस्किल्ला-अक्विल्ला ह्यांच्या वागणुकीवरून आपल्या मंडळीतील शिकलेले व न शिकलेले ह्यांनी काय घ्यावे?

३. याकोब ३:१७ मधील लक्षणांपैकी कोणते आपल्या बोलण्यात सर्वांत उणे आहे?

४. आपल्या गावात असे एखादे भांडण आहे काय की, ज्याचे खरे कारण कोणी विचारलेले नाही?

आठवड्याचे वाचन

सोमवार, १ राजे ३:४–१५. मंगळवार, १ राजे ३:१६–२८. बुधवार, नीतिसूत्रे ९:१–१०. गुरुवार, १ करिंथ १:१८–३१. शुक्रवार, प्रेषितांची कृत्ये १८:२४–२८. शनिवार, १ राजे ११:१–१३. रविवार, याकोब ३:१३–१८.

प्रार्थना

हे प्रभो, आम्हांस पुष्कळ ठाऊक आहे आणि आम्ही थोडे ऐकतो. तू दिलेल्या बुद्धीबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. तिचा गर्व आमच्यापासून दूर कर. ज्यांस शिकण्याची संधी मिळाली नाही त्यांस तुझ्या जवळचे स्थान ठाऊक असू दे, आणि ज्यांस मिळाली त्यांस त्यांच्या शेजारी बसावयास शिकव. आज आम्हांस ऐकणारे अंतःकरण दे, आणि उद्या ते पुन्हा मागावयाची आठवण दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.